पुराची दोरी

"दोरीले पानी नको लावू, बाई. बाकी काई कर," असं म्हणून पोचूबाईनं ते भेंडोळं माझ्यापुढे धरलं.

ते घ्यायला मला जुईला खाली ठेवावं लागलं. चटईवर ठेवण्याआधी मी चटई नजरेनं तपासली. एका कडेला माशाचा खवला चिकटलेला दिसला, म्हणून दुसऱ्या कडेला ठेवली. जुई तेव्हा आठ महिन्यांची होती. आज आठ वर्षांची आहे, आणि हे सगळं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दोरी जड होती, चुलीवरच्या धुरानं काळी कुळकुळीत झालेली. आढ्याला टांगलेली असायची ती. वर्षातून एकदाच खाली यायची, पूर ओसरून पहिली नाव पाण्यात उतरायची त्या दिवशी. वस्तीतली सगळ्यात थोरली बाई, आता पोचूबाई, तिला एक गाठ मारायची. पाणी घरांपर्यंत चढलं असेल तर दुहेरी गाठ आणि वर लाल चिंधी. दोरी संपत आली की पुढे नवी दोरी वळून जोडायची. सात नावा घेऊन हे मासेमार ढिवर लोक या लाल दरडीला लागले तेव्हा पहिली गाठ पडली, ते आजवर. मी त्या काळोख्या झोपडीत बसून दोनदा मोजल्या होत्या. एकशे सव्वीस.

पोचूबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा होते. तिनं हात पुढे करून जुईचं डोकं चाचपलं आणि जावळ काढलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि लगेच जुईला उचलून घेतलं. म्हातारीच्या नखांत काळं होतं.

आता गावाविषयी सांगायला हवं. निरंजनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर नेमणूक झाली, म्हणून आम्ही साताऱ्याकडची माणसं राज्याच्या या शेवटच्या टोकाला येऊन पडलो. नदीपलीकडे दुसरं राज्य, दुसरी भाषा. गावाची नावं दोन. एसटीच्या पाटीवर राजन्नापेठ. नदीच्या घाटावरच्या लोकांच्या तोंडी येरगट्टा, म्हणजे लाल दरड. नावं दोन, तसे इतिहासही दोन. आम्ही ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो त्या सुलोचनाकाकू चिंतलवारांच्या बैठकीत त्यांच्या आजेसासऱ्यांची, राजन्नांची तसबीर होती. काकू मला चहाबरोबर पुन्हा पुन्हा सांगायच्या, की इथं वाघ पाणी प्यायला येत असत, माणूस नावाला नव्हता, तेव्हा राजन्नांनी घाट ठेक्यानं घेतला, सागाचे ओंडके नदीत सोडले आणि गाव वसवलं. ठेक्याचा कागद त्यांच्याकडे होता. सत्त्याण्णव वर्षांपूर्वीचा. त्यात स्पष्ट लिहिलेलं, 'ओसाड घाट'.

पुलाचा रस्ता नेमका त्या घाटावरून जाणार होता. ढिवरांची बावीस घरं उठणार. ती ठेक्याच्या आधीपासूनची आहेत असं दिसलं तर गावातच, पाण्याजवळ, नव्या जागा मिळणार. नाहीतर ते अतिक्रमण, आणि मग चार किलोमीटर आत, खडकाळ टेकाडावर. नावेच्या माणसाला टेकाडावर ठेवायचं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको.

एम.ए.ला माझा विषय इतिहास होता. लग्न, बदली, बाळंतपण यात तो ट्रंकेत गेला होता. मल्लेश, पोचूबाईचा पुतण्या, वस्तीच्या वतीनं निरंजनच्या ऑफिसात चकरा मारायचा. त्याच्या तोंडून दोरीचं ऐकलं आणि मला राहवेना. ऑफिसातल्या जुन्या कपाटात पाण्याच्या पातळीचं एक रजिस्टर होतं. निरंजननं ते घरी आणून दिलं. त्यात चार मोठे पूर नोंदलेले होते. दोरीवर नव्या टोकाकडून मागं मोजत गेलं, की चारही ठिकाणी बरोबर दुहेरी गाठ यायची. एका सालाचाही फरक नाही. त्या दिवशी मी वहीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून होते. पुस्तकांत वाचलेलं काही आपल्या हाताला लागतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

उपविभागीय अधिकारी गुरुवारी शाळेत सुनावणी घेणार होते. मी त्यांना आधीच वस्तीच्या वतीनं अर्ज पाठवला होता. त्यांनी निरोप दिला, की दोरी आणा, रजिस्टर आणा, मी बघतो. म्हणून प्रत्येक गाठीची नीट नोंद करायला मी तीन दिवसांसाठी दोरी घरी मागितली. वस्तीतल्या बायांना ते पटलं नाही. दोरी उंबऱ्याबाहेर जात नसते, आणि ही राहते चिंतलवारांच्या घरात, असं एकीनं माझ्यादेखतच म्हटलं. पोचूबाईनं तिला गप्प केलं. लेकुरवाळी बाई आहे, ती कशाला दगा देईल, असं ती म्हणाली.

मंगळवारी दुपारपर्यंत माझी नोंद पुरी झाली. एकशे सव्वीस ओळी. गाठ एकेरी की दुहेरी, चिंधी आहे की नाही, दोरी कुठे जोडली आहे, सगळं. फोटो तेवढे राहिले होते. आमच्या घरात उजेड सकाळचाच चांगला, म्हणून ते बुधवारवर टाकले.

मी मोरीत दुपटी पिळत होते. बाहेर येऊन बघते तर जुई रांगत टेबलाखाली गेलेली, आणि दोरीचं टोक तिच्या तोंडात. ओठ, हिरड्या, हनुवटी, सगळं काळं. मी तिच्या तोंडात बोट घालून पुसलं, ती किंचाळली, मी आणखी पुसलं. दोन महिन्यांपूर्वी जुलाबांनी तिचे डोळे खोल गेले होते आणि पाच तास जीपमध्ये घालून आम्ही तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून मी घरातली प्रत्येक वस्तू डेटॉल टाकून उकळत असे. वाट्या, चमचे, दुधाची बाटली, खुळखुळा, एकदा तर निरंजनच्या किल्ल्यासुद्धा. तो हसायचा. म्हणायचा, "आता मलाच काय ते उकळायचं राहिलंय."

दोरी खुंटीला टांगता आली असती. कपाटात ठेवून कुलूप लावता आलं असतं. त्याच दुपारी परतही करता आली असती. यातलं एकही मला सुचलं नाही असं नाही. सगळं सुचलं. पण माझ्या डोळ्यांपुढे आढ्यावरचे उंदीर आले, माशांचं तेल आलं, शंभर वर्षांचे हात आले. पाणी लावू नको असं म्हातारी म्हणाली होती, पण ती आपली श्रद्धा असणार, असं मी मनाशी म्हटलं. इतिहासवाल्या बाईनं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात डेटॉल ओतलं आणि दोरी आत सोडली. दहाच मिनिटं, असं ठरवून.

पाच मिनिटांत पाणी शाईसारखं झालं. चिमट्यानं दोरी उचलायला गेले तर नवं टोक वर आलं, आणि जुनं आलंच नाही. ते शिजलेल्या अंबाडीच्या भाजीसारखं पातेल्यात सुटं झालं होतं. मी हात घातला, पोळला, तरी चाचपलं. गाठी बोटांत विरघळत होत्या. काळ्या फेसावर बारीक बारीक केस तरंगत होते. भुरे, काळे, तांबूस. मला शिसारी आली. कुणाचे कोण जाणे, पोरीच्या पोटात गेले असते, असं म्हणून मी ते सगळं पातेलं मोरीत उपडं केलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

हातात राहिल्या अठ्ठेचाळीस गाठी. अलीकडच्या.

निरंजन संध्याकाळी आला तेव्हा मी जमिनीवर बसून होते. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, केतकी. मी येतो बरोबर."

मी उद्या म्हटलं. खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. चिंतलवारांच्या घरात राहणारी, पुलाच्या इंजिनिअरची बायको, आणि सुनावणीच्या दोन दिवस आधी तिच्या हातून दोरी उकळली जाते. यावर कोण विश्वास ठेवील? मला मुद्दाम कुणी करायला लावलं असंच लोक म्हणणार. आणि त्याहीपेक्षा, मूर्ख दिसण्याची भीती होती. विकत घेतली गेलेली म्हटलं तर निदान राग येतो. मूर्ख म्हटलं की काय करणार?

बुधवारी निरंजन कामावर गेल्यावर मी काकूंच्या गोठ्यातली एक मोडकी बाज पाहून ठेवली. तिची सुंभाची दोरी जुनी, झिजलेली. मागून घेतली. कपडे वाळत घालायला, असं सांगितलं. परसात नारळाच्या शेंड्या पेटवून तिला धूर दिला, वरून खोबरेल आणि काजळी चोळली. वही समोर ठेवून एकेक गाठ मारली. अठ्ठ्याहत्तर. जिथं दुहेरी तिथं दुहेरी, जिथं चिंधी तिथं माझ्या लाल परकराची, चहाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी. जुनी अठ्ठेचाळीस पुढे जोडली, तिलाही पुन्हा काजळी दिली. जुई पाळण्यात हातपाय हलवत माझ्याकडे बघत होती. काम चांगलं झालं होतं. मला त्याचा अभिमानही वाटला, हेही लिहून ठेवते. आकडा तर खरा आहे, असं मी म्हणत होते. घडलं ते खरंच आहे. मी फक्त ते पुन्हा मांडलं.

निरंजननं संध्याकाळी दोरी पाहिली. तो जेवला नाही.

गुरुवारी शाळेचा वर्ग भरून गेला होता. एका बाजूला सुलोचनाकाकू, त्यांचे वकील भाचे आणि काचेत घातलेला तो कागद. दुसऱ्या बाजूला जमिनीवर घाटाची माणसं. मधे मी, खुर्चीवर, मांडीवर जुई आणि वही. अधिकारी साहेब पन्नाशीचे, सर्दीनं हैराण. पण माणूस ऐकून घेणारा होता. त्यांनी रजिस्टर पाहिलं, माझी वही चाळली, चारही पूर स्वतः ताडून पाहिले. वकील म्हणाले, दोरीला काय, उद्या कुणीही गाठी मारून आणील. साहेबांनी नाक पुसत विचारलं, "मग पुराची सालं यांना रजिस्टर न बघता कशी कळली? हे रजिस्टर तर वीस वर्षं कपाटात होतं." वकील फाईल चाळू लागले. मागं कुणीतरी खाकरलं. मल्लेशनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला वाटलं, निभावलं.

मग साहेबांनी पोचूबाईला पुढे बोलावलं. दोरी तुमचीच का, एवढं एकदा सांगा, म्हणजे तसं लिहून घेतो.

तिनं दोरी मांडीवर घेतली. एवढ्यावर हो म्हणून ती मोकळी होईल असं वाटलं होतं. पण ती नव्या टोकाकडून बोटं चालवायला लागली, आणि प्रत्येक गाठीशी थांबून बोलू लागली. ही मागच्या सालची, यात मल्लेशची नात. ही त्याच्या आधीची, यात जुळे. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण तिला थांबवलं नाही. पंधरा-सोळा गाठींवर येईतो त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. एका गाठीपाशी ती म्हणाली, हा सोमू, हा उलटा आला, पायाकडून, अन् अजूनबी सारं उलटंच करते. मागं बसलेला मिशीवाला सोमू खाली बघून हसला. सगळा वर्ग हसला. काकूसुद्धा.

ती गाठी मोजत नव्हती. ती त्यांना ओळखत होती.

अठ्ठेचाळीस. पुढची माझी होती.

तिची बोटं थांबली. मग त्या गाठीभोवती फिरली, दाबून पाहिली, नखानं उकलून पाहिली. दोरी नाकाशी नेली. पुन्हा मागं जाऊन अठ्ठेचाळिसावी चाचपली, आणि परत पुढे. मग न बोलता एकेक गाठ पुढे सरकत राहिली. सत्तावन्नाव्या गाठीवर ती थांबली, आणि दोन्ही हातांच्या मुठीत ती धरून बसली.

"काय झालं, आजी?" साहेबांनी विचारलं.

"यात केस नाई, साहेब."

"कसले केस?"

"जावळ. त्या साली जलमलेल्या लेकरायचं. गाठ मारताना आत घालतो आमी." तिनं मुठी उघडल्या नाहीत. "ह्या गाठीत माहा बुधा पायजे होता."

बुधा तिचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा असताना ओंडक्यांच्या तराफ्यावरून पडला आणि नदीतून बाहेर आलाच नाही, हे मला ठाऊक होतं. मल्लेशनं सांगितलं होतं. गाठींत काय असतं, ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते त्या लोकांना सांगण्यासारखं वाटत नसावं. आपण तरी घरात कुणी पाहुणा आला म्हणून देवाऱ्यातल्या डबीत काय आहे ते सांगतो का?

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, दोरी तुमच्याकडे होती. तुम्ही मोजलीत ती हीच ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पोचूबाईनंही तोंड माझ्या दिशेनं केलं. जुईच्या वाळ्यांचा आवाज येत होता, त्या दिशेनं.

"हो सर," मी म्हणाले. "हीच."

वकील उभे राहिले आणि म्हणाले, अर्जदार स्वतःच दोरी ओळखत नाहीत, याची नोंद घ्यावी. साहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं. म्हातारीकडे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, सावकाश विचार करा. वय झालंय, बोटांना फसायला होतं. ही तुमचीच आहे असं तुम्ही म्हणालात, तर मी पूर्ण एकशे सव्वीस धरतो."

त्याहून जास्त कुठला अधिकारी काय करील? मल्लेश गुडघ्यांवर पुढे सरकला. "काकी, हो म्हन. गाठी तेवढ्याच हायेत."

"मोजाले तेवढ्याच हायेत," ती म्हणाली.

"मंग म्हन ना."

"याच्यात आपली लेकरं नाईत रे. मी यांले आपली कशी म्हनू?" मग तिनं दोरी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि अठ्ठेचाळिसाव्या गाठीवर बोट टेकवलं. "इथलोक माही हाये, साहेब. याच्या पुढची कोनाची हाये, मले नाई मालूम."

अठ्ठेचाळीस असं लिहिलं गेलं. ठेक्याचा कागद सत्त्याण्णव वर्षांचा होता.

घाटाची माणसं गुपचूप उठून गेली. म्हातारीचं डोकं फिरलं, तिनं पोराच्या नादात वस्ती घालवली, असं कुणीतरी दारातच म्हणालं. ते मला ऐकू आलं. तिलाही आलं असणार. मल्लेशनं तिचा हात धरला नाही. ती भिंतीला धरून बाहेर पडली.

साहेब जीपपाशी थांबले होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता, रुमालाची घडी करत म्हटलं, "दोरी खराब झाली असती आणि कुणी तसं सांगितलं असतं, तर ही वही आणि ते रजिस्टर मला पुरलं असतं. उरलेल्या अठ्ठेचाळीस गाठींनी त्याला आधार दिला असता. आता दोरीच संशयात आली. वहीला कोण विचारणार?"

ते जीपमध्ये बसले. ड्रायव्हर कुठंतरी चहाला गेला होता. तो येईपर्यंत चांगली पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं साहेब काच खाली करून बसले होते. ते वाट बघत होते असं मला आज वाटतं. तेव्हा जुई रडायला लागली, आणि ती रडली याचं मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी पोचूबाई आमच्या दारात आली. एकटी. उतार-चढावाच्या अंदाजानं गावभर फिरायची ती. आत ये म्हटलं तर आली नाही, पायरीवरच बसली. मी चहा दिला, तो बशीत ओतून प्यायली. कप बाजूला ठेवला.

"पानी कुठं ओतलं, बाई?"

"कसलं पाणी?" मी विचारलं.

"माह्या अर्ध्या दोरीले तुह्या लेकराच्या बाटलीचा वास येते."

मी खाली बसले. जुईनं तोंडात घातली होती, एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं. मग मी उरलेलं सांगायला लागणार, तोच तिनं विचारलं, "पोरगी बरी हाये ना? पोट-गिट बिघडलं नाई ना?"

नाही, बरी आहे, म्हटलं.

"मंग झालं." तिनं पदर सावरला. "मी कोनाले सांगत नाई. सांगून घरं का परत येतात? लोकं तुह्या दारात येतीन, लेकरू भेईन. मले फक्त सांग, पानी कुठं ओतलं. बुधाचं दुसरं काईच नोतं माह्यापाशी. नदीनं सदराबी ठेवला नाई. म्हनून तं दोरीले पानी लावू देत नोती. मातीत मुरलं असन तं तेवढी माती नेते."

मोरीचं पाणी मागच्या नालीत जायचं. नाली घाटावरून खाली, सरळ नदीत. आठवडा होत आला होता. मी तिच्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला पाहत होती, आंधळी माणसं पाहतात तसं.

"पपईच्या झाडाशी," मी म्हणाले. "परसात."

मी तिला हाताला धरून नेलं. तिथं मी रोज दुपट्यांचं पाणी टाकत असे, म्हणून माती ओली होती. ती उकिडवी बसली, बोटांनी माती उकरली, कालवली, नाकाशी नेली. मला वाटलं, आता कळेल. या बाईच्या बोटांना सगळं कळतं. पण तिनं ओंजळभर माती पदरात घेतली, पदराची गाठ मारली आणि ती गाठ छातीशी धरून उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणता येणार नाही. पण आली तेव्हापेक्षा तिची पाठ सरळ झाली होती. जाताना तिनं अंदाजानं हात वर करून जुईला आशीर्वाद दिला. हात भलतीकडे गेला. मी जुईला त्या हाताखाली सरकवलं.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. बावीस घरं टेकाडावर गेली. काकूंचे फोन येतात, त्यातून कळत राहतं. टेकाडावर त्या लोकांनी एक दगड मांडला, कसल्याशा मातीवर. नवी नवरी आली की आधी त्याला हळद लावते. बाळांची जावळं तिथंच काढतात. दोरीला पुढे कुणी गाठ मारली नाही, कारण तिथं पूर येत नाही. वस्तीला आता बुधाटेकडी म्हणतात. रेशनकार्डावरही तेच नाव लागलं आहे.

पोचूबाई दोन वर्षांपूर्वी गेली. मी गेले नाही. जुईची परीक्षा होती.

गेल्या महिन्यात मल्लेशचा फोन आला. ग्रामपंचायतीला प्रत्येक वस्तीची माहिती हवी आहे. वस्ती कशी सुरू झाली, पहिलं काय बांधलं, नाव कशावरून पडलं. आमच्यात शिकलेलं कोण आहे, तुम्हीच चार ओळी लिहून द्या, असं म्हणाला. त्याच्या आवाजात जुना आदर तसाच होता. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलंही होतं. मग त्या दगडापुढे डोकी टेकणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. की ती पुन्हा माझीच सबब होती, मला आता ओळखता येत नाही.

मी लिहिलं. घाटावरून येताना पोचूबाईंनी आपल्या मुलाची, बुधाची माती पदरात बांधून आणली. ती टेकाडावर ठेवून त्यावर पहिला दगड मांडला. तिथून ही वस्ती सुरू झाली. स्वच्छ अक्षरात लिहून, फोटो काढून पाठवलं.

लगेच त्याचं उत्तर आलं. "बरोबर आहे, बाई. असंच झालं होतं."